‘चालून जाईल’ आणि ‘रोज चालेल’

आमच्या वणीत कुणी जुनी कार घेतली की पहिला प्रश्न येतो, ‘कितीची पडली?’ आणि दुसरा, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ माझ्या 2008 च्या मारुती 800 ने या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी दिली. पण खरा प्रश्न अम्मीने विचारला होता, तोही गाडी दारात यायच्या आधी. “रात के नौ बजे रस्ते में बंद पड गई, तो वो अकेली क्या करेगी?”

‘वो’ म्हणजे माझी बायको. ती वरोऱ्याच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. वणी ते वरोरा वीस-पंचवीस किलोमीटर. मधे वर्धा नदी आणि पाटाळ्याचा पूल, नदीच्या दोन्ही अंगांना कोळशाच्या खाणी. दिवसा एसटी मिळते, ऑटो मिळतो. दुपारपाळी मात्र रात्री नऊला सुटते आणि त्यानंतर तिला वेळेवर घरी आणेल अशी बस नाही. दोन वर्षं मी मोटारसायकल घेऊन जात होतो. पुढे माझ्या शिकवणीच्या वेळा बदलल्या, मुलगी शाळेत जायला लागली आणि ते जमेना. पर्याय तीन होते. तिने नोकरी सोडायची, वरोऱ्यात खोली करून राहायचं, किंवा तिने स्वतःच्या गाडीने जायचं-यायचं. पहिल्या दोन पर्यायांना नातेवाइकांत भरपूर समर्थक होते. तिसऱ्याच्या बाजूने ती एकटी होती, आणि तिच्याकडे परवाना होता.

नवी कार हप्त्यावर मिळते. पण व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही हे आमच्या घरात अब्बूंच्या काळापासून ठरलेलं आहे, आणि तिची नोकरी कंत्राटी असल्याने बँकेलाही आमची फार ओढ नव्हती. साठवलेले लाखभर रुपये होते. त्यात गाडीही बसवायची आणि दुरुस्तीही. म्हणजे एका बाईची नोकरी टिकणार की नाही, हे सोळा वर्षं जुनी कार रोज रात्री नऊ वाजता चालू होते की नाही यावर येऊन ठेपलं. म्हणून हा हिशेब सविस्तर लिहितो आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत बाईच्या कामावर जाण्याचा निर्णय अशाच एखाद्या चाकाशी बांधलेला असतो.

मारुती 800 च का, हे आधी सांगतो. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी बाजारात आली. पहिली चावी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली, आणि किंमत होती पन्नास हजारांच्या आत. जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षांत ती गावोगावी पोचली होती. पण माझ्या कामाचं होतं ते वेगळंच. तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन थोड्याफार फरकाने ओम्नीत होतं, आल्टोतही होतं, आणि हे इंजिन असलेली आल्टो तर 2023 पर्यंत बनत होती. त्यामुळे गाडी बंद झाली तरी तिचे सुटे भाग बंद झाले नाहीत. वणीच्या दुकानात क्लच वायर, पाण्याचा पंप, ब्रेक शू मागितला की माणूस ‘ऑर्डर द्यावी लागेल’ म्हणत नाही, उठून फळीवरून काढून देतो. तेच सोळा वर्षं जुन्या एखाद्या मोठ्या, ऐसपैस गाडीचं एक सेन्सर नागपूरहून यायला चार दिवस लागले, तर ते चार दिवस ड्यूटीवर कसं जायचं? रोजच्या गाडीसाठी शान बघू नये, दुकानातली फळी बघावी.

गाडी मिळाली मारेगावकडच्या एका निवृत्त मास्तरांकडे. किंमत 55 हजार. मी बॉनेट उघडायच्या आधीच मास्तर बोलले, “हे पाय भाऊ, उन्हाळ्यात गरम होते, लांब न्याची नाही. वळताना समोरच्या चाकात कटकट करते. अन् गरम असताना कधीकधी सेल्फ घेत नाही. आता मी लपवून कोठी नेऊ?” बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवणाऱ्या पैगंबरांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. भिजलेलं धान्य वर ठेव, लोकांना दिसू दे, असं त्यांनी त्या विक्रेत्याला बजावलं होतं. मास्तरांनी ती गोष्ट ऐकली असेल-नसेल, पण ओलं धान्य त्यांनी वरच ठेवलं होतं. मी भाव पाडला नाही. ज्याने तीन दोष स्वतःहून सांगितले, त्याच्याकडे चौथा लपवलेला असण्याची शक्यता कमी.

कागद पाहिले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या कारसाठी केंद्राने हे शुल्क 600 वरून 5,000 रुपये केलं. मास्तरांनी 2023 मध्ये ते भरून 2028 पर्यंतची नोंदणी करून घेतली होती. जुनी गाडी घेताना हे पाहिलं नाही तर स्वस्तातली गाडी पहिल्याच महिन्यात महाग पडते. नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, विमा चालू आहे का, हेही त्याच दिवशी बघायचं. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या आणि मार्च 2024 मध्ये गाडी वणीत आली.

ती थेट आमच्या उस्तादांकडे नेली. उस्ताद साठीच्या पुढचे. बारा वर्षांचे असताना रॉकेलमध्ये सुटे भाग धुण्यापासून त्यांनी सुरुवात केली. कुठल्या आयटीआयचा दाखला नाही, पण हाताखालून शिकून गेलेली पोरं आज यवतमाळ-चंद्रपुरात स्वतःची गॅरेजं चालवतात. त्यांनी अर्धा तास गाडीला हात लावला नाही. मला एकच विचारलं, “भाई, इसको चलाना है, या रोज चलाना है?”

मला फरक कळला नाही, तेव्हा त्यांनी बॉनेटखाली बोट दाखवून समजावलं. इंजिन गरम होतं म्हणून कुणीतरी कधीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आमच्याकडचे मिस्त्री त्याला नुसतं ‘वॉल’ म्हणतात. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. ठरावीक तापमानाला तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की पाणी सदैव रेडिएटरमधून फिरतं आणि काटा खाली राहतो. मालक खूश. पण इंजिन पुरेसं तापतच नाही, सेन्सरला वाटतं अजून थंडी आहे, ते जास्त पेट्रोल सोडत राहतं. प्लग काळे, अ‍ॅव्हरेज कमी, इंजिनची झीज जास्त. आणि खरा दोष, म्हणजे क्षाराने अर्धा भरलेला रेडिएटर, तसाच राहतो.

दुसरी करामत पंख्याची. पाणी तापलं की आपोआप सुरू होणारा पंखा ‘डायरेक्ट’ केलेला होता, म्हणजे चावी फिरवली की सुरू, थेट गाडी बंद होईपर्यंत. थंडीत, पावसात, सगळीकडे. त्याने पंख्याची मोटर लवकर जाते आणि डायनॅमोवर कायमचा भार. तिसरी करामत हेडलाइटच्या वायरीची. ती जळली तिथे पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली होती.

यातलं प्रत्येक काम करणारा माणूस मूर्ख नव्हता. त्या त्या संध्याकाळी त्याने गाडी घरी पोचवली होती. ग्राहकाने विचारलं असणार, “चालून जाईल ना?” त्याने म्हटलं असणार, “हो, चालून जाईल.” या ‘चालून जाईल’चं आपल्याला मोठं कौतुक आहे, त्याला जुगाड म्हणतो आणि भारतीय डोक्याचा पुरावा म्हणून सांगतो. रस्त्यात अडकलेल्या माणसासाठी जुगाड ही देणगीच आहे. पण जुगाड म्हणजे उधारी असते. ती घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी फेडायची असते. आपण ती फेडत नाही. माझ्या गाडीत सोळा वर्षांची अशी उधारी साठली होती, आणि अशा गाडीत बसून कुणी रात्री नऊला एकटं यायचं नसतं.

उस्तादांचा क्रम सोपा होता: “पहले रुकनी चाहिए, फिर चलनी चाहिए, फिर सजनी चाहिए.” रंग, सीट कव्हर, टेप या गोष्टींवर एक रुपया घालायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

थांबण्यापासून सुरुवात झाली. मागच्या चाकांचे सिलिंडर झिरपत होते, ते बदलले. पुढचे पॅड, मागचे शू, रबरी होज पाइप नवे टाकले. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते सगळं बदलायचं, वरून नुसती भर घालायची नाही. टायरवर नक्षी चांगली दिसत होती, पण बाजूला कोरलेले चार आकडे 3114 होते. म्हणजे 2014 सालच्या 31 व्या आठवड्यात बनलेलं टायर. दहा वर्षांचं रबर दिसायला ठीक असलं तरी आतून कडक झालेलं असतं, आणि मे महिन्यात आमच्या भागात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा रस्ता त्याची परीक्षा घेतो. बारा इंची चार टायर 11,200 रुपयांना पडली. सगळ्यात मोठा खर्च हाच. जुन्यातलं त्यातल्या त्यात बरं टायर स्टेपनीत गेलं, तेही सहा महिन्यांसाठीच.

मग चालण्याचं. पाण्यापासून. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. जवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, जमिनीत चुनखडीच आहे. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जात होतं. रेडिएटर नवा घातला, सगळे होज पाइप, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट नवा. पंखा पुन्हा त्याच्या स्विचवर आणला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडिएटरचं झाकणसुद्धा बदललं. लोक या झाकणाला बाटलीचं बूच समजतात. खरं तर ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आत दाब राहिला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याच्या बरंच पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली तर बाकी सगळं नवं असूनही गाडी उकळते. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. एकदा चांगलं तापलं की ते वाकतं, मग खर्च हजारांत जातो. म्हणून काटा नेहमीच्या जागेवरून थोडा जरी वर गेला तरी बाजूला घेऊन बंद करायची. ‘घर जवळच आहे’ हा विचार अशा वेळी करायचा नाही.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे मास्तरांना आठवत नव्हतं. उस्तादांचा नियम असा की, ज्याची तारीख कुणाला ठाऊक नाही ते बदललेलंच नाही असं धरायचं. हा रबरी दातेरी पट्टा तुटायच्या आधी आवाज करत नाही, सूचना देत नाही. तुटला की इंजिन जिथे असेल तिथे थांबतं. पट्टा, त्याचा टेन्शनर, सोबत फॅन बेल्ट. त्याच धाग्याने क्लच सेट. वळताना होणारी कटकट एक्सलची होती. रबराचं बूट फाटून आत धूळ गेली होती. आमच्या रस्त्यांवर ही साधी धूळ नसते. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, नदीपलीकडे माजरी, एकोना, या खाणींचा कोळसा ट्रकांनी वाहतो आणि त्याची काळी भुकटी सगळीकडे बसते. बुटात शिरली की ग्रीसमध्ये मिसळून पॉलिशपेपरसारखी घासते. एअर फिल्टरही कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरवर बदलून चालत नाही. दर महिन्याला काढून बघायचा. पुस्तक लिहिणाऱ्याने वणीचा रस्ता पाहिलेला नसतो.

गरम असताना सेल्फ न घेण्याचा दोष मात्र आठवडाभर हुलकावण्या देत राहिला. मास्तरांनी त्यासाठी आधीच एकदा सेल्फ बदलला होता, एकदा बॅटरी. दोष तसाच. शेवटी उस्तादांनी त्यांच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवलं, दुसरं इंजिनच्या अंगावर, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टच्याही खाली आकडा यायला हवा; आला 1.2. बॅटरीपासून इंजिनपर्यंत जाणारी अर्थिंगची केबल आतून गंजली होती. इंजिन तापलं की तिचा अडथळा वाढायचा आणि सेल्फपर्यंत पुरेशी वीजच जायची नाही. नवी केबल 180 रुपयांची. या 180 रुपयांऐवजी आधी हजारोंचे भाग बदलून झाले होते. मीटर लावून मोजणं आणि अंदाजाने भाग बदलणं यातला फरक मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. आता दर महिन्याला आम्ही दोन आकडे बघतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास, आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. यापेक्षा कमी-जास्त दिसलं की गाडी बंद पडायची वाट न बघता डायनॅमो तपासायचा.

पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. म्हणून टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा घरात नियम झाला. शंभर-शंभरचं पेट्रोल भरून काटा रिझर्व्हवर खेळवणं दिसायला काटकसर असते, पण पंपाचं आयुष्य खाते. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. देशाने हे उद्दिष्ट 2025 मध्येच गाठलं. इतक्या जुन्या गाडीचे रबरी पाइप त्या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि फिल्टर नवे घातले, आणि वर्षातून एकदा हात फिरवून ते फुगलेत का, चिरा पडल्यात का, हे बघणं यादीत आलं.

एकूण खर्च 38,500 रुपये. गाडीसकट 93,500. लाखातले साडेसहा हजार उरले, ते वेगळ्या डब्यात ठेवले. तो डबा फक्त गाडीचा.

इथे लोक थांबतात. दुरुस्ती झाली म्हणजे गाडी भरवशाची झाली, असं समजतात. उस्ताद म्हणाले, नाही, आता महिनाभर तू चालव. एप्रिल-मे 2024 मध्ये मी तेच केलं. ज्या रस्त्याने, ज्या वेळेला तिला जायचं होतं, त्याच वेळेला मी गेलो. दुपारी एक वाजता रणरणत्या उन्हात वणीहून निघायचं, वरोऱ्याला गाडी उन्हात उभी ठेवायची, रात्री नऊला परत. कोळशाच्या ट्रकांमागे दुसऱ्या गिअरवर रांगायचं, तेव्हा पंखा लागतो का ते ऐकायचं. एका वहीत रोज लिहायचं: किलोमीटर, पेट्रोल, कूलंटची पातळी, ऑइलची पातळी, नवा आवाज. या महिन्यात तीन बारीक गोष्टी निघाल्या. एका होज पाइपची क्लिप ढिली, डाव्या हेडलाइटचा होल्डर जळका, आणि पावणेतीनशे किलोमीटरनंतर थोडं ऑइल कमी. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट बदललं, ऑइल थांबलं. यातली कुठलीही गोष्ट त्याच दिवशी गाडी थांबवणारी नव्हती. पण जुलैच्या पावसात, रात्री, त्यातली एखादी नक्की थांबवणारी ठरली असती. सलग वीस दिवस वहीत ‘नवीन काही नाही’ असं लिहिल्यावर उस्ताद म्हणाले, आता तिला दे.

आणि तिला देणं म्हणजे चावी देणं नव्हे. उस्तादांनी तिला दोन दुपारी गॅरेजवर बोलावलं. गॅरेजवर बाई उभी आहे याचं पोरांना आधी नवल वाटलं, मग तेच तिला पाने ओळखायला शिकवू लागले. डिपस्टिक कशी बघायची, कूलंटच्या बाटलीवरची खूण कुठली, फ्यूज कुठे, गरम रेडिएटरचं झाकण का उघडायचं नाही. रुग्णाचं तापमान, नाडी, रक्तदाब रोज टिपणाऱ्या बाईला गाडीचे आकडे टिपणं अवघड गेलं नाही. उलट तिनेच वहीत रकाने आखून माझ्या अक्षराची सुटका केली. अंगणात तिने तीनदा चाक बदललं. गाडीसोबत येणारा पाना आखूड, जोर पुरत नाही, म्हणून दोन फुटांचा लोखंडी पाइप डिकीत ठेवला. सोबत फॅन बेल्ट, क्लच वायर, फ्यूज, बल्ब, दोन लिटर कूलंट, टॉर्च, लाल त्रिकोण. मोबाइलमध्ये उस्ताद, वरोऱ्याचा एक मिस्त्री, आणि 112.

जून 2024 पासून ती रोज जाते. पंधरा महिन्यांत अठरा हजारांच्या आसपास किलोमीटर झाले. पेट्रोल दिवसाला तीन लिटरच्या आत. गाडी दोनदा थांबली. एकदा पाटाळ्याच्या अलीकडे पंक्चर, भर दुपारी. तिने चाक बदललं, ड्यूटीला दहा मिनिटं उशिरा पोचली. दुसऱ्यांदा वरोऱ्यात क्लच वायर तुटली, रात्री. वायर डिकीत होतीच, तिथल्या मिस्त्रीने वीस मिनिटांत बसवली. त्याच्याकडे ती वायर असती-नसती, दुकान उघडं असतं-नसतं, हे प्रश्नच आले नाहीत. भरवशाची गाडी कधीच थांबत नाही असं नाही. ती का थांबली हे कळतं, आणि तिला पुढे कसं न्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. “क्या करेगी?” याला आता खरोखरच एक यादी आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. कोळशाच्या ट्रकापुढे ती खेळणं आहे. म्हणून साठच्या वर जायचं नाही, पट्टा लावल्याशिवाय निघायचं नाही, ट्रकाला ओव्हरटेक करायची घाई करायची नाही. वर्धा फुगली तर हा रस्ता बंद होतो. जुलै 2022 च्या पुरात आम्ही तो पाहिला आहे. तशा दिवशी ती वरोऱ्यातच मैत्रिणीकडे थांबते. नदीसमोर थांबायला लागतं, गाडी कितीही नीट असली तरी.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली. उस्तादांना मी विचारलं होतं, तुम्हाला हे सगळं येतं, मग बाकी गाड्यांचं असं काम का करत नाही? ते हसले. म्हणाले, गिऱ्हाईक आजच्या संध्याकाळचे पैसे देतं, पुढच्या वर्षाचे देत नाही. होज पाइप दाखवून ‘हा अजून फुटला नाही, पण बदला’ म्हटलं की लोकांना वाटतं मिस्त्री लुबाडतोय. म्हणून फुटेपर्यंत गप्प बसायचं. विदर्भातल्या गावोगावच्या गॅरेजांत आपल्या समाजातले किती हात राबतात हे वेगळं सांगायला नको. त्या हातांना पक्कं काम येतं. आपण मागतो ते कच्चं. मग पोरगा दहा वर्षं उस्तादाकडे राहूनही पीळ देऊन चिकटपट्टी लावणंच शिकतो, कारण त्याच्यासमोर पैसे फक्त त्याचेच मिळतात. मीटर विकत घ्यावा, टॉर्क पाना घ्यावा, कामाची तारीख लिहून ठेवावी, असं त्याला वाटेल कशाला?

तुम्ही जुनी गाडी घ्यायचा विचार करत असाल तर एवढंच करा. तिच्या किमतीच्या किमान निम्मे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. मिस्त्रीला ‘किती कमीत होईल?’ असं विचारू नका. ‘वर्षभर पुन्हा उघडायला लागू नये, असं करायला काय लागेल?’ असं विचारा, आणि त्याने सांगितलेल्या मजुरीत घासाघीस करू नका. बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख लिहा. आणि जी व्यक्ती गाडी चालवणार आहे तिला गॅरेजवर घेऊन जा, मग ती बहीण असो, बायको असो की मुलगी.

2028 मध्ये या गाडीला वीस वर्षं होतील. ऑगस्ट 2025 च्या नव्या नियमाने वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 10,000 रुपये झालं आहे. ते भरायचं की गाडी मोडीत द्यायची, हे तेव्हा बघू. निर्णय वही बघून होईल, आणि तो तीच घेईल. सध्या वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘मागचे ब्रेक शू उघडून बघणे. ईदच्या आधी.’